तिसरी बाजू

कॅम्पात, इनासच्या टेलरिंगच्या दुकानात,
मिलिटरीच्या पँटींच्या चळतीमागं
रेकॉर्ड प्लेअर असायचा.
बदली झालेल्या कुणा मेजरनं जाताना विकलेला,
सोबत एकच अल्बम : दोन तबकड्या, चार बाजू,
कव्हरवर दीपस्तंभ आणि एक पाठमोरा माणूस.

समुद्र घाटाच्या खाली.
आमच्यातल्या दोघांनी तोवर पाहिलाही नव्हता.
गुरुसिद्ध निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत वाढलेला,
मी उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरणारा.
इनासचं आजोळ गोव्याचं, म्हणून पाण्याबद्दल
त्याचं म्हणणं अखेरचं.

इंग्रजी तिघांचंही बेताचंच.
गोष्ट इतकी कळली :
पहिल्या बाजूला तो माणूस नोकरीवर रुजू होतो.
दुसऱ्या बाजूला त्याला पत्रं यायची थांबतात.
तिसरी बाजू निव्वळ धुकं,
बावीस मिनिटं ऑर्गन, आणि तळाशी बेसचा घरघराट,
भट्टी पेटताना छातीत होतो तसा.
चौथीवर जहाज फुटलेलं असतं आणि चौकशी चालू.

दिवा विझला, की त्यानं विझवला?

उत्तर तिसऱ्या बाजूवर, आणि ओरखडा नेमका तिथंच.
धुकं दाट व्हायचं, गिटार थांबायची,
तो श्वास घ्यायचा, आणि सुई टक्क करून
थेट भोंग्यावर उडी मारायची.
सुईच्या डोक्यावर चार आणे ठेवून पाहिले,
मग आठ आणे.
कचेरीतल्या कारकुनासारखे तिनं पैसे घेतले,
काम केलं नाही.

त्या रिकाम्या जागेत ज्यानं त्यानं आपलं भरलं.
गुरुसिद्ध म्हणायचा, तिथं तो आईला हाक मारतो.
इनास म्हणायचा, प्रार्थना म्हणतो
आणि ती अर्ध्यात विसरतो.
मी म्हणायचो, काही नाही,
हिशेब करतो, तेल किती उरलं.

भाषेवरून बंद पुकारला की शटर अर्धं खाली.
बाहेर पाट्यांना डांबर फासत जायचे,
एका वर्षी हे, एका वर्षी ते,
आत आवाज दोनवर.
एकदा शटरवर दगड आला, सुई उडाली,
गुरुसिद्ध अंधारात हळूच म्हणाला,
'इल्लि अल्लो, उडायची जागा अजून पुढं हाय.'
इतके हसलो की पोलीस शटर वाजवून गेला.

चाळीस वर्षं झाली त्याला.
इनासचे गुडघे गेले. माझे कान फाउंड्रीनं घेतले,
डावा पूर्ण, उजवा निम्मा.
परवा गुरुसिद्धची लेक शरावती धारवाडहून आली,
तिच्या फोनवर तोच अल्बम, धुऊनपुसून स्वच्छ.
बारका स्पीकर तिनं शिलाई मशीनवर ठेवला.
मी उजवा कान त्याला टेकवला.

धुकं आलं. गिटार थांबली. श्वास.
तिघांचेही खांदे सवयीनं उडीसाठी उचललेले,
पण उडाली नाही सुई,
सुईच नव्हती.

अकरा सेकंद.
शब्द एकही नाही.
फक्त काडी ओढल्याचा आवाज,
आणि ती पेटली.

शरावती आमच्याकडं बघत राहिली,
आपलं काही चुकलं की काय अशी.

मग गुरुसिद्ध म्हणाला, 'बघा, दिवा लावला त्यानं.'
'दिवा? न्हय रे,' इनास म्हणाला. 'बिडी.'
'बिडीची काडी अशी ओढतात? निपाणीच्या माणसाला शिकवतोस?'
'वाऱ्यात अशीच ओढतात.'
'काचेच्या खोलीत कुठला आलाय वारा?'
चहा गार झाला, दोघांचे आवाज
कापडाच्या कात्रीसारखे एकमेकांवरून जायला लागले.

मी शरावतीला म्हणालो, परत लाव,
थोडं मागून, श्वासाच्या आधीपासून,
आणि उजवा कान आणखी जवळ नेला.
जळून झालेली काडी तो टाकतो,
ती पाण्यात पडते की फरशीवर,
तेवढं मला ऐकायचं होतं.